जांभळावरची नोटीस

अंबरनाथ पश्चिमेला आमचं बैठं घर आहे आणि पुढच्या अंगणात एक जांभूळ. गाडी घेतली तेव्हा ती उभी करायला तेवढीच जागा होती. जांभळं पिकून पडू लागली आणि पांढऱ्या गाडीची पार रया गेली. रोज सकाळी टप पुसताना माझं डोकं फिरायचं. शेवटी ठरवलं, झाड काढायचं.

पण शहरात हल्ली नियमांचा धडाका आहे. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, पिशवी आपली आपण न्यायची. आणि झाड आपल्या अंगणातलं असलं तरी मनाला येईल तेव्हा तोडायचं नाही. आधी पालिकेत अर्ज द्यायचा, मग झाडावर नोटीस लागते: कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. मला याची भारी गंमत वाटली. माझी बदली झाली तेव्हा कोणी हरकती मागवल्या नव्हत्या.

नोटीस लागली. गल्लीतले लोक येता-जाता थांबून ती वाचायचे आणि मी खिडकीतून त्यांचे चेहरे बघायचो. आईनेही भाजीला जाताना चष्मा लावून ती सावकाश वाचली. मग पिशवी सावरून पुढे गेली.

आठव्या दिवशी पालिकेतून फोन आला. एक हरकत आलीय, येऊन तुमचं म्हणणं लिहून द्या.

कोण असेल? माझा संशय शेजारच्या काकांवर. कंपनीतून रिटायर झाल्यापासून त्यांचं दुसऱ्यांच्या घरात फार लक्ष. बायको म्हणाली, "तुझ्याइतकं नाही." ते खोटं नव्हतं. दोन दिवस मी काकांशी नेहमीपेक्षा गोड बोलून खडा टाकून पाहिला, पण हाती काही लागेना. तिसऱ्या दिवशी हाफ डे टाकला आणि काकांना द्यायची उत्तरं घोकत पालिकेत पोचलो.

क्लार्कने फाइल पुढे सरकवली. "पोस्टाने आलीय, साहेब. पत्ता तुमचाच आहे, म्हणून म्हटलं समक्षच बोलवू."

वहीचा आखीव कागद होता. ते अक्षर मी दर महिन्याला वाण्याच्या यादीत बघतो. आईचं.

"दुपारी मी या झाडाखाली बसते. घरात टीव्ही, अभ्यास आणि फोनवरची कामं चालू असतात. झाड तोडायचं का, ते मला घरात कोणी विचारलं नाही. नोटिशीत विचारलं आहे म्हणून लिहिते." खाली पूर्ण नाव आणि सही.

मला लाज वाटली. आम्ही रोज एकत्र जेवतो, आणि एवढं सांगायला तिला पोस्टाचं तिकीट लावावं लागलं होतं.

म्हणणं न लिहिताच घरी आलो. आई झाडाखाली मेथी निवडत होती. मी शेजारी बसलो.

"आई, या झाडाचं काय करूया?"

तिने मान वर केली नाही. हातातली जुडी संपवली आणि म्हणाली, "फाटकाकडची फांदी काढ. तिचीच जांभळं पडतात गाडीवर."

मी वर बघितलं. खरंच, तेवढी एकच फांदी गाडीवर आली होती.

"फांदीलाही अर्ज लागतो गं."

"मग कर. या वेळी खाली मीपण सही करते."