एकाच फाइलीच्या दोघी धनिणी

ऑफिसात त्यांना सगळे 'कुलूप' म्हणत. तोंडावर मात्र 'ताई'. कागदपत्रं, फोटो, ध्वनिमुद्रणं असा सगळ्या शाखांचा डिजिटल साठा त्या सांभाळत. साहेब वैतागून विचारत, "अहो ताई, एवढं डिलीट केलं, तरी डिस्क भरलेलीच कशी?"

"डिलीट केल्यावर नुसतं नाव जातं, साहेब. माल तिथंच पडून राहतो. मी सफाई चालवते, तेव्हा ज्याला कुणीच धनी उरला नाही तेवढंच पुसलं जातं."

साहेब मान डोलावत आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारत.

शेजारच्या टेबलावर पूर्वी 'रेडिओ' बसायची. तोंडाला खळ म्हणून नव्हता. दोघींचा डबा एकच. मग बढती रेडिओला मिळाली आणि ताईंनी अबोला धरला. ती बिचारी समजूत काढून थकली, शेवटी बदली मागून दुसऱ्या शाखेत गेली. त्याच रागात ताईंनी संगणकावरच्या आपल्या खात्यातलं एक ध्वनिमुद्रण डिलीट केलं. लिफ्ट बंद असल्याची सूचना माइकवर वाचताना दोघी हसत सुटल्या होत्या, ते. वर सफाईही चालवली. तेव्हापासून त्या एकट्याच जेवत.

आज सकाळी शाखेकडून निरोप आला: रेडिओचं खातं काढून टाकावं, कारण निधन. ताईंना आधी कुणी कळवलंही नव्हतं. कळवणार तरी कशाला? दोघींचं बोलणंच नव्हतं. ताईंना स्वतःचाच भयंकर राग आला.

खातं उघडलं, तर तेच ध्वनिमुद्रण समोर! एकच फाइल दोघींनी ठेवली, तर यंत्र ती एकदाच साठवतं आणि नावं दोन लावतं. जगाला हे शिकवणाऱ्या ताई रागाच्या भरात नेमकं तेवढंच विसरल्या होत्या. रेडिओनं ते डिलीट केलं नाही, म्हणून ते इतकी वर्षं वाचलं होतं. आता तिचं नाव गेलं की आजच्या सफाईत तेही जाणार.

ताईंनी आधी फाइलीला आपलं नाव लावलं. मग मैत्रिणीचं खातं काढून टाकलं आणि सफाई सुरू केली.

दुपारी साहेब खुशीत आले. "वा ताई, झाली की जागा! आता ते शेजारचं टेबलही हलवू या का?"

"राहू दे," ताई म्हणाल्या.

सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी डबा उघडला आणि कानात इअरफोन घातले.

"अगं ए कुलपा, आता तरी तोंड उघड ना!" रेडिओ म्हणाली.

"चुकलं गं माझं," ताई म्हणाल्या.

रेडिओ हसतच राहिली.