हनादीने विचारायला सांगितलेला शब्द

मी एक्केचाळीस वर्षं दगड घडवला. अम्मानच्या या टेकडीवर माझ्या हातचे अकरा जिने आहेत. कष्ट कशाला म्हणायचं ते मला कळतं, असं मी समजत होतो. म्हणून हनादी आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली तेव्हा तिच्या कामाला मी काम मानलं नाही. धूळ नाही, घाम नाही, हाताला घट्टा नाही.

तू करतेस काय, असं मी तिला जिन्यातच विचारलं.

"काका, कंपन्या मला पगार देतात आणि म्हणतात, आमच्या संगणकांत चोरासारखी घुसून दाखव. मी घुसते. मग कुठून घुसले ते लिहून देते."

"म्हणजे चोरी करतेस आणि वर पावती देतेस."

"पावती दिली की ती चोरी राहत नाही ना!" ती हसली.

चौतिशीची होती. सोबत सहा वर्षांची मुलगी, जुमाना. हनादीच्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं होतं. ते नवऱ्याने मोडलं होतं. तलाक झाला होता, मुलगी तिच्याकडे होती, आणि ती कुठे राहते हे त्या माणसाला माहीत नव्हतं. हे तिने दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी मला.

"काका, कोणी माझी चौकशी करत आलं तर माहीत नाही म्हणा. नंतर मला येऊन सांगा. बाकी काही करू नका."

"तुझं सांगणं माझ्या डोक्यावर," मी म्हणालो.

तिचा दिवस मी पाहत असे. निवृत्त माणसाला पाहण्यावाचून दुसरं काम नसतं. सकाळी ती फोन तांदळाच्या रिकाम्या डब्यात ठेवायची, झाकण लावायची आणि डबा फ्रीजवर ठेवायची. दुपारच्या अजानपर्यंत डबा उघडायचा नाही. वहीत तीन कामं लिहायची. "चौथं लिहिलं की पहिलंही होत नाही," असं म्हणायची. पाऊण तास बसायची, मग उठून गच्चीतल्या पुदिन्याला पाणी घालायची आणि पुन्हा बसायची. एकदा पाणी घालताना मी खालून ओरडलो, "अगं, बुडवशील त्या पुदिन्याला!"

"पुदिन्यासाठी नाही घालत, काका. डोक्यासाठी घालते."

तेव्हा मला उलगडलं. छिन्नीला धार लावायला जो थांबत नाही, तो दिवसभर ठोकतो आणि संध्याकाळी त्याचा अर्धाच दगड घडलेला असतो. मी शेकडो कारागिरांना हे ओरडून शिकवलं होतं. त्या दिवसापासून मी तिचं काम कामात धरलं.

मग तिने माझा फोन हातात घेतला.

"पासवर्ड काय ठेवलाय?"

"का सांगू?"

"शाबास. पण मी ओळखते. थोरल्याचं नाव, पुढे त्याचं जन्माचं साल."

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"अहो, थोरला हैसम, म्हणून सगळी गल्ली तुम्हाला अबू हैसम म्हणते. भाजीवाला सकाळी सहाला तुमचा पासवर्ड ओरडत जातो!"

माझी बायको इतकी हसली की तिच्या हातातून वाटाणे सांडले. मला मात्र राग आला. बदलायला दहा मिनिटं लागतील, असं हनादी म्हणाली. मी महिना लावला. शेवटी एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द ठेवले. ते इथे लिहीत नाही. लिहिले तर ती जिथे असेल तिथून येऊन माझा कान धरेल.

हळूहळू बाकीचंही शिकवलं. लॅपटॉपच्या डोळ्यावर तिने जखमेवर लावायची पट्टी चिकटवली होती. माझ्या फोनमधला बॅटरीचा दिवा माझ्या ओळखीच्या सगळ्यांचे नंबर मागत होता. "दिव्याला तुमच्या मेव्हण्याचा नंबर कशाला हवा?" असं म्हणून तिने तो दिवा काढून टाकला. फोनवर सहा आकडे आले तर ते कोणाला सांगायचे नाहीत, तिने स्वतः मागितले तरी नाही. नवा प्रोग्रॅम घ्या असं फोन म्हणाला की 'नंतर' दाबायचं नाही. "भिंतीला तडा दिसला तर 'नंतर' म्हणता का?" असं तिने मला विचारलं. फोनवरच्या एका अर्जात आईचं नाव विचारलं होतं. ती म्हणाली, खोटं लिहा.

"आईबद्दल खोटं बोलू?"

"यंत्राशी बोला. आईला काही वाटणार नाही."

आणखी एक गोष्ट ती वारंवार सांगायची. "मोठ्या कंपनीत घुसायला मला संगणक फार लागत नाही, काका. मी फोन करते. गोड बोलते. घाईत आहे म्हणते, कोणा साहेबाचं नाव घेते. बहुतेक दारं आतलाच माणूस उघडतो, आणि तो चांगला माणूस असतो. वाईट माणूस उघडत नाही, तो आधी विचारतो."

मी मान डोलावली. मला वाटलं ती फोनबद्दल बोलते आहे.

म्हणूनच तिने शब्द ठरवला. ती नव्या नंबरवरून बोलली किंवा तिने कोणाला पाठवलं, तर आधी शब्द विचारायचा. बरोबर आला तरच पुढे बोलायचं. शब्द असा हवा की जो कुठे लिहिलेला नाही आणि कोणाच्या फोनमध्ये नाही.

"तुमची एखादी गोष्ट सांगा जी कोणालाच माहीत नाही."

मी बराच विचार केला. मग जे बायकोलाही कधी बोललो नव्हतो ते सांगितलं. आमच्या घराच्या जिन्याची खालून नववी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धं बोट उंच आहे. मला ताप होता, उद्यावर ढकलायला हवं होतं, पण मी घाई केली. सव्वीस वर्षं लोक तिथे अडखळतात आणि स्वतःच्या पायाला दोष देतात.

"हाच शब्द," हनादी म्हणाली. "नववी पायरी."

वसंतातला गुरुवार होता. बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. दुपारी एक माणूस जिना चढून आला. हातात कुनाफा या पाकातल्या मिठाईचं गरम ताट, वर कागद. नवव्या पायरीवर अडखळला, पण ताट सांभाळलं. इस्त्रीचा शर्ट, नीट कापलेली दाढी.

"अस्सलाम आलेकुम, काका. अबू हैसम तुम्हीच ना?"

नाव त्याला कुठूनही मिळालं असतं. गल्ली दिवसभर तेच ओरडते. मी त्याला आत बसवलं. पाहुण्याला काय काम आहे हे आधी विचारायचं नसतं. कडू कॉफी ओतली, वेलदोडा जरा जास्तच घातला. त्याने छोटा कप उजव्या हाताने घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

याचा अर्थ आमच्याकडे पोरासोरांनाही कळतो. मला काही मागायचं आहे, ते दिल्याशिवाय मी पिणार नाही. आणि पाहुण्याची कॉफी घरात थंड झाली तर त्या घराचं तोंड काळं झालं. मी आठ वर्षांचा असताना माझ्या बापाने असाच खाली ठेवलेला कप पाहून तीस वर्षांचं भांडण मिटवलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर.

"बोला," मी म्हणालो.

"मी हनादीचा भाऊ. करकहून आलोय. रुसली आहे आमच्यावर, आम्ही तिची बाजू घेतली नाही म्हणून. चूक आमची. आई आजारी आहे, काका. मला फक्त तिचं दार दाखवा."

करकला तिचा भाऊ आहे हे मला माहीत होतं. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार.

"जुमाना मोठी झाली असेल," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आणि तिचं मनगट? त्या नालायकाने काय केलं तिचं, तुम्हाला माहीत आहे ना?"

"अल्ला त्याचे हात मोडो," मी म्हणालो.

"आमीन," तो म्हणाला.

शब्द मला आठवला. हे लिहायलाच हवं, कारण नंतर लोकांनी मला सांभाळून घेत म्हटलं, वय झालं, विसरलात. मी विसरलो नव्हतो. शब्द जिभेवर होता. पण कप समोर होता, त्यातली वाफ कमी होत होती. आजारी आईचं नाव घेणाऱ्या पाहुण्याला परीक्षेला बसवायची मला लाज वाटली. दगड उचलायचा नव्हता, ओझं न्यायचं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं.

"प्या," मी म्हणालो. "मागितलंत ते दिलं."

त्याने एका घोटात कप संपवला, पुरे म्हणून हलवला आणि उठला. वर चौदा पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असताना मीच पुढे चढलो. बाहेरून आलेल्या प्रत्येकाला हनादी दाराआडून त्याच्याशी ठरवलेला वेगळा शब्द विचारायची, पाण्याच्या टँकरवाल्यालासुद्धा. मला विचारत नसे. माझा आवाज तिला पुरत होता.

"हनादी, उघड गं. तुझा भाऊ आलाय."

कडी निघाली. तिचा चेहरा आधी आनंदाचा होता. तेवढं मी पाहिलं. मग तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि उजव्या हाताने डावं मनगट धरलं. दार लोटायला तिला वेळ मिळाला नाही, त्याचा पाय आत होता.

"घर छान आहे," तो म्हणाला. ताट त्याने जुमानाच्या हातात दिलं. "बाबाला विसरलीस?"

मी त्याची कॉलर धरली. त्याने माझा हात सावकाश काढला, म्हाताऱ्याचा हात काढतात तसा. "काका, तुमची कॉफी प्यायलोय मी," तो म्हणाला. दहा मिनिटं बसला. कोणाला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. खिडक्या पाहिल्या, कडी पाहिली आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो खाली पहिल्या पायरीजवळ उभा राहू लागला.

बायको घरी आली. मी सांगितलं. तिने एकच विचारलं.

"शब्द विचारलात का?"

"नाही."

ती स्वयंपाकघरात गेली आणि मी पाहुण्याला दिलेला कप तिने कचऱ्यात टाकला. आमच्या लग्नातल्या सहा कपांपैकी होता. आता पाच आहेत.

पाचव्या दिवशी पहाटे, तो यायच्या आत, हनादी घर सोडून गेली. सामान मी उतरवलं. बायको म्हणाली कंबर मोडेल. मोडू दे म्हटलं. अठरा खेपा केल्या. मधे एकदा जिन्यात मी थांबलो.

"मुली..."

"काका, टेबल उलटं धरा. पाय भिंतीला लागतायत."

मी टेबल उलटं धरलं. टेम्पोपाशी ती म्हणाली, "चूक माझीही आहे. तुमच्या आवाजाला मी शब्द विचारत नव्हते." तिने शिवी दिली असती तर मला झेपली असती. कुठे जाते ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आता मी ज्यांना माहीत असू नये अशांपैकी एक होतो.

उन्हाळ्यात मी नववी पायरी काढली आणि पुन्हा बसवली. सत्तरीत हे काम चार दिवसांचं झालं. जुना दगड चांगला होता, त्यालाच तासला. आता तिथे कोणी अडखळत नाही. याने काहीही भरून निघालं नाही, हे मला काम करतानाही माहीत होतं.

सात महिन्यांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, मी हनादी."

पहिल्याच अक्षराला आवाज ओळखला. बायको धावत आली. माझे डोळे भरले होते, पण मी म्हणालो, "शब्द?"



"नववी पायरी," ती म्हणाली.

मी साठवून ठेवलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं, तर तिने थांबवलं. तिला काम होतं. त्या माणसाने जवळ येऊ नये म्हणून तिने अर्ज केला होता. तो न्यायालयात सांगत होता की हनादीनेच त्याला घरी बोलावलं, तिनेच दार उघडलं. त्या दिवशी काय झालं हे पाहणारा, तिच्या घराबाहेरचा, मी एकटा होतो.

"सगळं सांगावं लागेल, काका. तुम्ही त्याला वर आणलंत, तेही. तुमच्या गल्लीतले लोक असतील तिथे."

"कॉफीसकट सांगतो," मी म्हणालो.

तारखेच्या दिवशी मी स्वच्छ शर्ट घातला. बायको बरोबर आली. गल्लीतले चौघं मागच्या बाकावर होते. हनादी भिंतीकडे बसली होती. तो माझ्यापासून चार खुर्च्या पलीकडे होता, तसाच इस्त्रीचा शर्ट. मी कुनाफा सांगितला, आईचा आजार सांगितला, मनगटाबद्दल तो काय बोलला ते सांगितलं, आणि खाली ठेवलेला कप सांगितला. कप म्हटल्यावर काझींनी मान वर केली. त्यांना तो अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती.

"बाईंनी तुम्हाला एक शब्द ठरवून दिला होता?" काझींनी विचारलं.

"दिला होता."

"तो तुम्हाला त्या वेळी आठवत होता?"

"होता."

मागच्या बाकावर कोणीतरी घसा खाकरला.

"मग तुम्ही त्याला काय विचारलंत?"

"काही नाही."

लेखनिकाने हात थांबवला. "मोठ्याने सांगा, आजोबा. लिहून घ्यायचं आहे."

मी उभा राहिलो.

"मी त्याला काहीच विचारलं नाही."