जाड काप

ज्याला लपायची सवय आहे त्याने आमच्या बेटावर जन्म घेऊ नये. पूर्वेला मोठा समुद्र, पश्चिमेला आतला उथळ समुद्र, आणि मधली जमीन एवढी चिंचोळी की एका किनाऱ्यावर कोणी शिंकलं तर दुसऱ्या किनाऱ्यावरचा काढ्याची चौकशी करतो. रस्ता एकच, उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत. त्यावर माणूस एक तर येताना भेटतो नाही तर जाताना. तरीही आमचा तेकीमाऊ वर्षातून पाचसहा वेळा लपायचा.

तो माडी काढणारा. अकरा माड त्याच्याकडे होते, आणि हात असा हलका की त्याची सकाळची गोड माडी गावातली तान्ही पोरं दुधासारखी प्यायची. एकटा असला की शहाणा माणूस. पण चार माणसं जमली, ढोल म्हणून वाजवायच्या लाकडी पेटीवर हात पडले, की तेकीमाऊला चढायचं. माडी न पिता चढायचं, हे विशेष. सगळ्यांत मोठ्याने हसणार, एकाला डुक्कर देऊन टाकणार, दुसऱ्याला होडी दुरुस्त करून देण्याचं वचन देणार. लोक टाळ्या वाजवायचे, आणि टाळ्या ऐकल्या की हा आणखी काही तरी देऊन टाकायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी मात्र शरमेने त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मग आठ-दहा दिवस तो कोणाच्या नजरेला पडायचा नाही. ज्याला डुक्कर कबूल केलं तो दारात आला, की हा मागच्या बाजूने केवड्याच्या झाडीत.

डुकरांचं निभावलं. बायको बुरेंता मागाहून जाऊन सावरून घ्यायची. त्या वर्षी त्याने जे दिलं ते सावरण्यासारखं नव्हतं.

चर्चच्या वार्षिक सणाला दक्षिणेकडच्या गावाहून पाहुणे आले होते. सगळे मानेआबात बसले होते. ही आमची गावसभेची मोठी झोपडी, भिंती नसलेली. हिच्यात प्रत्येक घराण्याची बसायची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, आणि हिच्या छपराखाली बोललेला शब्द परत घेता येत नाही. पाहुण्यांत तेकारा होती, तेकीमाऊची थोरली चुलतबहीण. पन्नाशीची, पोटी मूल नाही. तेकीमाऊची धाकटी ओरिती, सहा वर्षांची, संध्याकाळभर तिच्याच मांडीवर होती. तेकारा तिच्या केसांना तेल लावता लावता हसून म्हणाली, "ही मला देऊन टाक ना रे."

आमच्याकडे नात्यातल्या माणसाने मूल मागणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. मागतात, देतात, मूल दोन्ही घरांचं होतं. पण ते मागतात घरी येऊन, आईसमोर बसून, आणि दोन्हीकडे महिना महिना विचार होतो. इथे नाच रंगात आला होता आणि तेकीमाऊ घामाने निथळत होता. तो तसाच उठून उभा राहिला आणि ओरडला, "दिली. शाळेला सुट्टी लागली की ओरिती तेकाराताईची."

टाळ्यांनी छप्पर हललं. दक्षिणेकडच्या म्हाताऱ्याने उठून आभार मानले, आमच्या म्हाताऱ्याने ते स्वीकारले, आणि झालं. बुरेंता बाहेर चुलीपाशी नीरफणस भाजत होती. तिला वाटलं, टाळ्या नाचासाठी आहेत.

दुसऱ्या दिवशी तेकीमाऊ गडप झाला. सुट्टीला तीन महिने होते, आणि तीन महिन्यांत त्याला एवढंच करायचं होतं: दक्षिणेला जायचं, तेकारासमोर बसायचं आणि सांगायचं की ताई, मी चुकलो. ट्रकने तासाचा रस्ता. पण त्याच्या पायांनी जणू शपथच घेतली होती.

आता माडी काढणाऱ्याची अडचण अशी की त्याला धड लपताही येत नाही. माड सकाळ-संध्याकाळ चढावाच लागतो. एक वेळ चुकली की पोय, म्हणजे ज्याला काप दिला की माडी गळते तो फुलोरा, सुकायला लागते. आणि वर चढलेल्याने गाणं म्हणायचं असतं. वरून सगळ्यांची अंगणं, सगळ्यांच्या न्हाण्या दिसतात. गाणं ऐकलं की खालच्या बाया सावध होतात. गाणारा तो कामकरी, न गाणारा तो चोरटा, इतकं ते सरळ आहे. पण गायलं की तेकीमाऊ कुठे आहे हे अख्ख्या गावाला कळणार. म्हणून तो मुका चढू लागला.

पाचव्या दिवशी शेजारच्या बाकोआने आंघोळ करता करता वर पाहिलं. नंतर अंगाला लुगडं गुंडाळून ती जी बोलली ते दोन्ही समुद्रांना ऐकू गेलं असेल. ते सगळं मी लिहीत नाही. त्यातलं सौम्य तेवढं सांगतो: "खाली ये रे मुक्या. पोरगी देताना घसा बरा मोकळा होता."

प्रकरण रुईपर्यंत गेलं. रुई हा तेकीमाऊचा मामा, त्याला माड चढायला शिकवणारा, आता गुडघ्यांनी जमिनीवर खिळवलेला. त्याने भाच्याला बोलावलं, ओरडला वगैरे नाही. तेकीमाऊची कोयती मागून घेतली आणि शिंपल्यावर घासत बसला. पात्याची धार बोटाने बघत म्हणाला, "पोय कशाने मरते?"

"जाड काप घेतल्याने."

"आणि?"

तेकीमाऊने डोकं खाजवलं.

"आणि कापायला न गेल्याने," रुई म्हणाला. "तू माणसांत गेलास की जाड काप घेतोस, आणि मग जातच नाहीस. झाड मरणार नाही तर काय?"

मग त्याने शिकवलं. शिकवलं म्हणजे जे लहानपणी शिकवलं होतं तेच पुन्हा. पोयीला पातं लावण्याआधी तीन श्वास. पहिल्यात पायाखालचं खोड ओळखायचं, दुसऱ्यात हातातली मूठ, तिसऱ्यात छातीत काय धडधडतंय ते नुसतं बघायचं, हाकलायचं नाही. मग कागदासारखा एक काप. मग एक कडवं, मोठ्याने. आणि मानेआबात बसलं की तळहात चटईवर टेकवायचा, विणीवरून बोट फिरवायचं आणि तीन श्वास होईतो तोंड उघडायचं नाही. उठून पळावंसं वाटलं तरी तेच तीन श्वास.

तेकीमाऊने हे मनावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ अकरा माड, प्रत्येकावर तीन श्वास. आरंभी छातीतल्या धडधडीकडे बघताना त्याला खाली उडी मारावीशी वाटायची. पण महिन्याभरात आवाज परत आला. बाकोआने एकदा खालून विचारलंही, की हे गाणं म्हणायचं की ताप आलाय. पण त्यात राग नव्हता. एका जमावात तर त्याने डुकरापर्यंत आलेला शब्द चटईवर बोट फिरवून गिळला. लोकांना वाटलं, तब्येत बरी नसावी.

फक्त दक्षिणेला तो जात नव्हता. बुरेंता त्याच्याशी कामापुरतंही बोलत नव्हती. ताट समोर ठेवायची, आणि ओरितीने काही विचारलं तर म्हणायची, बापाला विचार. ओरिती विचारायची की तेकाराआत्याच्या घरी मांजर आहे का. तेकीमाऊ ताट सारून माडांकडे निघायचा. आतून तो पिंजऱ्यात सापडल्यासारखा झाला होता: गेलं तर ताईचा भर गावात अपमान, न गेलं तर पोरगी जाते. तीनदा तो ट्रकची वाट बघत रस्त्यावर उभा राहिला. तीनदा त्याने श्वास घेतले, धडधड बघितली, आणि अजून आपली तयारी झालेली नाही असं ठरवून घरी आला. अजून चार दिवस जाऊ देत, मन थोडं आणखी स्थिर होऊ दे. हे त्याने मोठ्या समजूतदारपणे मामाला सांगितलं.

रुई म्हणाला, "मी तुला श्वास मोजायला सांगितलं होतं, दिवस नव्हे."

तरी तो गेला नाही. हे मला त्याच्याबद्दल आजही माफ करता येत नाही. लपायला केवड्याची झाडी नको झाली, तर त्याने श्वासांत दडी मारली.

सुट्टी लागली. रविवारी प्रार्थनेनंतर तेकारा आली, तिच्या गावचे दोन म्हातारे बरोबर. मानेआबा भरला. तेकीमाऊ आपल्या घराण्याच्या जागी बसला, पाठीमागे बुरेंता, तिच्या कुशीत ओरिती. पाहुण्यांनी नवी चटई मध्ये पसरली. ओरितीच्या मापाची, काठाला तांबडी नक्षी. बायका वाकून बघू लागल्या, कोणीतरी विनोद केला, सगळे हसले, आणि तेकीमाऊच्या अंगात ती जुनी लाट उठली: उभं राहावं, दोन्ही हात पसरावेत, सगळ्यांना खूश करावं. तिच्या मागोमाग दुसरी: उठावं आणि पळावं. त्याने तळहात चटईवर टेकवला. एक. दोन. तिसऱ्या श्वासाला त्याला कळलं की आपण हललेलो नाही.

"ताई," तो म्हणाला. इतक्या हळू, की मागच्यांनी माना पुढे काढल्या. "त्या रात्री मी तुला पोर दिली ती टाळ्यांसाठी दिली. तिच्या आईला विचारलं नाही. शब्द परत घेता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण खोटं होतं ते, एवढं तरी तुझ्यासमोर सांगायला हवं होतं."

तेकारा त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी तुला लहानपणापासून ओळखते. त्या रात्री घरी जाताना मी नवऱ्याला म्हटलं, उद्या माऊ येईल, डोकं खाजवेल, आणि मी त्याला हसून सोडून देईन. दुसऱ्या दिवशी तू आला नाहीस. मी पाच दिवस रस्त्याकडे डोळे लावून बसले. मग चटई विणायला घेतली." तिने त्या तांबड्या काठावरून हात फिरवला. "तीन महिने विणली रे मी ही. आता मला पोर हवी आहे."

मग ती बुरेंताकडे वळली आणि म्हणाली, "तू तरी यायचंस."

बुरेंता म्हणाली, "मी रोज ह्याच्या तोंडाकडे बघत होते, ताई. आज जाईल, उद्या जाईल."

म्हाताऱ्यांनी थोडं बोलून घेतलं. शब्द गेला होता, चटई आली होती, ठरायचं असं काही उरलं नव्हतं. तेकाराने मात्र एक अट घातली. दर शनिवारी तेकीमाऊने ट्रकने यायचं, आत येऊन मुलीपाशी बसायचं. येताना काही आणायचं नाही, काही कबूल करायचं नाही. आणि एकही शनिवार चुकवायचा नाही. "लपणारा बाप मी तिला देणार नाही," ती म्हणाली.

सोमवारी पहाटे ट्रक आला. तेकीमाऊने ओरितीला उचलून वर तेकाराशेजारी बसवलं, तिच्या पायाशी गुंडाळलेली चटई ठेवली, आणि तो थेट रस्त्याकडेच्या माडावर चढला. चढायची वेळ झालीच होती. तीन श्वास घेतले की नाही मला ठाऊक नाही. गाणं मात्र आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मधे मधे त्याचा आवाज फाटत होता आणि एका जागी तो शब्दच विसरला, पण ट्रक वळणाआड जाईतो थांबला नाही. ट्रकमधून एक छोटा हात माडाच्या दिशेने हलत होता.

खाली आला तेव्हा करवंटीत माडी भरलेली होती. घराच्या खांबाला ओरितीचा पेला टांगलेला होता. रोजच्या सवयीने त्याने तो काढला, भरला, आणि हातात घेऊन तसाच उभा राहिला. बुरेंताने तो त्याच्या हातातून घेतला. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"शनिवारला किती दिवस आहेत?"

"पाच," तेकीमाऊ म्हणाला.

"ते मोज आता," ती म्हणाली.