पावशेर हळद

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा फिरत्या दवाखान्याची गाडी आली आणि ती चालवायला मी नायगावहून आलो. क्वार्टर मात्र मिळालं नाही. मग गाडीतच संसार थाटला. तपासणीच्या बाकावर अंथरूण, खाली स्टोव्ह, आरशाला टॉवेल. संसार म्हणायचं आपलं. माणूस एकच होता.

त्या वर्षी दुष्काळ होता आणि मुक्काम शिरूर अनंतपाळला. डॉक्टर संध्याकाळच्या एसटीनं लातूरला जात. मग उरायचो मी आणि गळका रेडिएटर. त्याच्यासाठी रोज सकाळी हापशावर बायकांच्या रांगेत कळशी घेऊन उभं राहायचं. "माणसाला प्यायला न्हाई अन् तुमच्या गाडीला पाजायचं का?" हे ऐकलं की मेल्याहून मेल्यासारखं होई.

त्या गळतीला एक गिऱ्हाईक होतं. जवळच्या दुष्काळी कामावर खडी फोडणारे एक म्हातारे बाबा संध्याकाळी येत आणि गाडीखाली पत्र्याचा डबा ठेवत. ते पाणी त्यांच्या शेळीला. डबा भरायला तासभर लागे, तेवढा वेळ ते चाकाला टेकून बोलत बसत. शेळीचे नखरे, मुकादमाची लबाडी, वारलेल्या बायकोच्या हातची भाकरी. मी वैतागून म्हणे, "बाबा, डबा भरला तरी तुमचं बोलणं सरत नाही." कामाशिवाय माझ्याशी बोलणारा तो एकच माणूस होता, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

हापशावरची बोलणी सोसेनात, तेव्हा दुरुस्ती मनावर घेतली. आधी भोकावर कपड्याचा साबण घासला. इंजिन तापलं तसा तो वाहून गेला. मग जुन्या ड्रायव्हर लोकांचा इलाज, हळद. मुरुडला फेरी होती, तिथल्या किराणा दुकानात पावशेर मागितली. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला दुकानदार हसला, "घरी लगीन हाय का?"

"हाव, गाडीचं," मी म्हणालो. माझी चाळिशी उलटली होती आणि अंगाला हळद लागली नव्हती.

हळद पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये ओतली आणि इंजिन चालू ठेवलं. आधी पिवळे थेंब आले, मग नुसता ओलावा, मग तोही थांबला. खुशीत संध्याकाळी दोन कप चहा टाकला.

बाबा आले. डबा ठेवून टेकले. थेंब पडेना, तसं वाकून पाहिलं. "नीट झाली व्हय? लई बरं झालं," म्हणाले आणि डबा उचलला.

"हळद टाकली, बसली गळती. चहा घ्या की."

"न्हाई, शेळीचं पाणी बघावं लागतंय."

दोन्ही कप मीच प्यायलो. पुढे दोन दिवस बाबा फिरकले नाहीत. संध्याकाळ खायला उठली. तिसऱ्या दिवशी मी लाज सोडली. रेडिएटरच्या तळाची पाणी सोडायची चावी किंचित सैल केली आणि रस्त्यानं जाणाऱ्या बाबांना हाक मारली, "बाबा, परत गळायलीय! डबा आणा."

त्यांनी वाकून पाहिलं, "थांबा जरा" म्हणाले आणि लगबगीनं गेले. मी स्टोव्हला पंप मारला. परत आले तेव्हा हातात डबा नव्हता, कागदाची पुडी होती.

"घरात एवढीच हळद हाय. टाका अन् बंद करा. बायाबापड्या रांगेत उभ्या हायत, पाणी असं सांडू न्हाई."

"बसा तरी."

"शेळी वाट बघायलीय," म्हणत ते गेलेसुद्धा.

मी चावी घट्ट केली. ती हळद रेडिएटरला लागलीच नाही. आठ-दहा दिवस एकट्याच्या वरणात चिमूट-चिमूट घालत राहिलो.