बिननावाची चिठ्ठी

हे मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही. देवालाही सरळ सांगितलेलं नाही — त्याच्यापुढे मी 'माझे अपराध पदरात घे' असं मोघम बोलतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. अपराध कोणते ते त्याला ठाऊक आहेच, मग नाव घेऊन कशाला सांगा? अशी माझी पळवाट. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी कदाचित जमेल. बघतो.

मी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो, आता सक्करदऱ्याला राहतो. आमच्या मंडळीत — आम्ही ख्रिस्ती लोक चर्चमधल्या माणसांना मंडळी म्हणतो — मला मान आहे. लग्न ठरलं की पाळकसाहेब जोडप्याला आधी माझ्याकडे पाठवतात. चार शनिवार मी त्यांना शास्त्रातून शिकवतो. ख्रिस्तानं मंडळीवर केलं तसं प्रेम नवऱ्यानं बायकोवर करावं, म्हणजे स्वतःला देऊन टाकावं. दोघं एकदेह झाली की मध्ये आडपडदा नको. मी चांगलं शिकवतो हो. मुली वहीत लिहून घेतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण — शेजारच्या काकू ही म्हण दुसऱ्या कोणाबद्दल वापरतात आणि मी मान डोलावतो.

माझी बायको शालिनी. नऊ वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ आजारी पडला. आई लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला वाढवला होता. मंडळीनं उपास केले, पाळीपाळीनं रात्रंदिवस प्रार्थना केली. नोव्हेंबरात तो गेला. शालिनीनं उपासनेला येणं बंद केलं. तिचे पाय दुखतात, असं मी लोकांना सांगायचो.

डिसेंबरात एका दुपारी ती नाताळच्या करंज्या भरत होती. हात थांबवून म्हणाली, "मी डोळे मिटते नं, तर समोर कोणीच नसते. काय करू मी?" हे तिनं दोघांनाच सांगितलं — मला आणि तिच्या मैत्रिणीला, रूथला. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, प्रार्थना कर. जिला प्रार्थना जमत नव्हती तिला मी हे सांगितलं, आणि तेही पेपरमधून मान वर न करता.

पण हा तो अपराध नाही. इथंच थांबता आलं असतं तर किती बरं होतं.

दर बुधवारी कोणाच्या तरी घरी आमची प्रार्थनासभा असते. ज्याला जे मागायचं ते तो चिठ्ठीवर लिहितो, नाव घालत नाही, टोपलीत टाकतो. एकजण चिठ्ठ्या वाचतो, सगळे त्यावर प्रार्थना करतात, मग त्या फाडून टाकतात. त्या वर्षी वाचणारा मी होतो. जानेवारीत मंडळीच्या कमिटीची निवड होती, माझं नाव चर्चेत होतं, आणि बायको मात्र चर्चमध्ये दिसत नव्हती. लोक कुजबुजत होते. मग मी घरी बसून एक चिठ्ठी लिहिली. 'एका बहिणीचा विश्वास डळमळला आहे. डोळे मिटले की समोर कोणी नसतं असं ती म्हणते. तिच्या पतीला बळ मिळो.' ती मी टोपलीत टाकली, मीच काढली, आणि मीच वाचली. वाचताना आवाज जड केला. तो आपोआप जड झाला नव्हता — मी केला. नंतर पुरुषांनी येऊन माझा हात दाबला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी महिला मंडळाच्या चौघी गीतांची पुस्तकं घेऊन शालिनीला धीर द्यायला आल्या. एकीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, बुधवारची चिठ्ठी ऐकली आम्ही, डोळे मीट बाई, तो आहे समोर. शालिनीचा चेहरा मला दिसत होता. आपलंच वाक्य परक्या तोंडून आलं की माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. त्या गेल्यावर तिनं विचारलं, "चिठ्ठी तुमी लिहिली काय?"

"मी काहून लिहू? बुधवारी सभेला रूथ होती तिथं."

एवढंच बोललो. रूथ तिथं होती, हे खरंच होतं. बाकीचं शालिनीनं स्वतः जुळवलं, आणि मी जुळवू दिलं.

नाताळच्या दिवशी रूथ फराळाचं ताट घेऊन आली. शालिनीनं तिला दारातच विचारलं. "शालू, म्या नाही वं लिहिली," ती म्हणाली, आणि मग तिची नजर माझ्यावर आली. ते वाक्य तिघांनाच ठाऊक होतं, हिशेब काय अवघड होता? मी वर टांगलेल्या ताऱ्याची वायर नीट करत राहिलो. रूथनं माझं नाव घेतलं नाही. बोलली असती तर भावामागोमाग शालिनीचा नवराही तिच्या हातून गेला असता, असं तिला वाटलं असावं. ताट कठड्यावर ठेवून ती गेली. वीस वर्षांची मैत्री तिनं माझ्यासाठी सोडली, माझ्यासारख्यासाठी. पुढे सीताबर्डीत ती समोरून दिसली की शालिनी रस्ता ओलांडायची, आणि मी पिशव्या घेऊन मागे.

गेल्या दोन वर्षांत शालिनी हळूहळू चर्चला यायला लागली. शेवटच्या बाकावर बसायची. गेल्या नाताळला साक्ष देण्याची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगण्याची वेळ आली आणि ती उठली. म्हणाली, एका बहिणीला मी माफ करू शकत नव्हते, त्यामुळे देवाकडे जायची माझी वाट अडली होती. मग चालत रूथच्या बाकापाशी गेली. "मी तुले माफ केलं, रूथ." बायका रडायला लागल्या. आणि रूथनं ती माफी घेतली. उठून शालिनीला कवेत घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं वं, शालू." माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आता शालिनी रोज प्रार्थना करते. तिचा परत आलेला विश्वास माझ्या खोट्यावर उभा आहे. सांगावं तर तो जाईल, न सांगावं तर — मला कळत नाही. तिला जपतो आहे की स्वतःला, हेही आता कळत नाही.

एक गोष्ट अजून टाळतोय. तिनं रूथला माफ केलं त्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, या माफीवर सर्व मंडळीनं आमेन म्हणावं. सगळ्यांनी म्हटलं. सगळ्यात मोठ्यानं मी म्हटलं.