बागेतून गेलेली मतदारसंघाची रेघ

माझी लेक अमेरिकेची नागरिक झाली, त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत तिने एका उमेदवारासाठी घरोघरी फिरायचं ठरवलं. मला हसू आलं. लहानपणी तिला शेजारून विरजण आणायला पाठवलं, तर ही बेल वाजवून जिन्यात लपायची.

ती राहते तो मतदारसंघ अटीतटीचा. तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते, आणि ही जागा कधी या पक्षाकडे तर कधी त्या. मी वसईत, पापडीच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. तिला म्हटलं, आधी नकाशा पाठव.

नकाशा मोठा छापून घेतला, बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर पसरला आणि मैत्रिणीला बोलावलं. ती माझ्याच शाळेत विज्ञान शिकवायची. सासर गिरीजचं, घरची केळी-नारळाची वाडी. मतदार याद्यांच्या कामासाठी आम्ही दोघींनी कित्येक वर्षं उन्हातान्हात वसईतल्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. कुठल्या घराचा कुत्रा चावतो इथपर्यंत आम्हाला माहीत.

लेक फोनवरून समजावत होती. उत्तरेला नदी आणि तिच्या काठाने बंद पडलेल्या कापड गिरण्यांची गावं. मधे शेती आणि सफरचंदांच्या बागा. दक्षिणेला हमरस्त्यालगत नोकरदारांच्या नव्या वसाहती. ती तिथेच राहते. गिरण्या चालू होत्या तोवर उत्तरेकडची गावं डोळे मिटून एका पक्षाला मत द्यायची. कामगारांची मुलं गाव सोडून गेली, मागे राहिलेले रागावून दुसरीकडे वळले. दक्षिणेत उलटं झालं: शेतं जाऊन घरं आली, आणि मतंही बदलली. आता दोन टोकं एकमेकांना तोलून धरतात आणि निकाल मधला पट्टा लावतो. त्यात जनगणना झाली की दर दहा वर्षांनी हद्दी नव्याने आखतात, आणि पेन ज्याच्या हातात तो ते आपल्या सोयीने वळवतो.

मैत्रीण चष्मा सारून नकाशा बघत होती. म्हणाली, हे तर आपल्यासारखंच आहे. आमच्या वाड्या, पलीकडे मिठागरं आणि मधूनच उगवलेल्या तुमच्या बिल्डिंगा.

लेक फिरत होती ती फक्त वसाहतींमध्ये. बागांच्या पट्ट्यात ती दोनदा गेली होती, पण कोणी दारच उघडलं नाही. मैत्रिणीने विचारलं, कुठलं दार वाजवलंस? पुढचं, अर्थात. तेव्हा मैत्रीण म्हणाली, "बाय, बागाईतदार दिवसा पुढच्या दारी सापडत नाही. मागे जा. आणि मताचं नंतर काढ, आधी त्याची बाग बघ."

लेकीने सांगितलं, इथे न विचारता कोणाच्या घरामागे जाणं बरं दिसत नाही. मग असं ठरलं, की रस्त्यावर उभं राहून हाक मारायची.

पुढच्या शनिवारी तिने हाक मारली. शिडीवर चढून सफरचंदं तोडणारा एक म्हातारा खाली उतरला. मताचं न बोलता तिने झाडांबद्दल विचारलं, आणि तो तासभर बोलत राहिला. त्याचा बाप गिरणीत कामाला होता. त्याने पै-पै साठवून ही जमीन घेतली. मागच्या आखणीत मतदारसंघाची रेघ नेमकी बागेतून गेली. त्यामुळे घर एका मतदारसंघात आणि सफरचंदांचं कोठार दुसऱ्यात. तिने शेवटी आपल्या उमेदवाराचं नाव काढलं, तेव्हा तो म्हणाला, जन्मभर मी दुसऱ्या पक्षाला मत दिलंय, पण तुमच्याकडून विचारायला आलेली तू पहिलीच. वचन काही दिलं नाही. पिशवीभर सफरचंदं दिली आणि आणखी तीन बागा दाखवल्या.

निकाल येऊ लागले तेव्हा तिकडे रात्र, इकडे सकाळ. मैत्रीण वेलची केळी घेऊन हजर झाली. आकडे कधी वर, कधी खाली. केळी कधी संपली तेही कळलं नाही. शेवटी लेकीचा उमेदवार थोडक्यात पडला. मी नकाशाची घडी घालायला घेतली. लेक मात्र खुशीत होती. मधल्या पट्ट्यातून तिच्या पक्षाला कधी नव्हे इतकी मतं पडली होती.

आठवड्याने ती म्हाताऱ्याला भेटायला गेली. त्याने खरं ते सांगून टाकलं: "मत मी माझ्याच पक्षाला दिलं. पण दोन वर्षांनी पुन्हा ये. तेव्हा ऐकून घेईन."

मग तिने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्या मैत्रिणीशी त्याची ओळख करून दिली. मैत्रिणीने वाडीत उभं राहून केळीचा घड दाखवला, त्याने झाडं दाखवली. त्याच्या झाडांचे कोंब हरणं खातात, हिची पिकायला आलेली केळी वटवाघळं. लेक मधे दुभाष्याचं काम करत होती. त्याने विचारलं, वटवाघळांवर उपाय काय? मैत्रीण म्हणाली, जाळी लावायची, आणि ती लावूनही वटवाघळं खातातच. त्याने मान हलवली. हरणांसाठी तोही जाळीच लावतो, आणि त्या जाळीचाही काही उपयोग होत नाही. यावर दोघं इतकी हसली, की लेकीला भाषांतर करावंच लागलं नाही.