घरच्या गाडीचे दहा स्क्रू

ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टरचा धाक असा, की भलेभले सर्जनही तिच्यासमोर घाई करायला बिचकत. पोट शिवायला घेण्याआधी ती कापसाचे बोळे, चिमटे, सुया एकूण एक मोजायची. आकडा जुळेपर्यंत टाका घालू द्यायची नाही, मग समोरचा कितीही हातपाय आपटो. बावीस वर्षांत तिच्या हातून एक सुई इकडची तिकडे झाली नव्हती. पाठीमागे सगळे तिला ‘मोजणीबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

अशी ही बाई हायवेच्या कडेला आपल्याच गाडीखाली वाकून बघते तर काय, इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या कव्हरला दहाच्या जागी दोन स्क्रू. बाकीची भोकं फाटून अंगठा जाईल एवढी झालेली. एका कोपऱ्याला तार गुंडाळलेली, दुसऱ्याला कसल्याशा खोक्याची पट्टी. आणि मधोमध सुरीने कापून चक्क खिडकी केलेली. म्हणजे ऑइल सोडायचं तर कव्हर काढण्याचे कष्टच नकोत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राग नुसत्या स्क्रूंचा असता तर ती गिळून गेली असती. पण पाच मिनिटांपूर्वी ही गाडी तिची लेक चालवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला हीच गाडी घेऊन दोनशे किलोमीटरवर नोकरीच्या गावी जायचं होतं, एकटीने. म्हणून आई शेजारी बसून सराव करून घेत होती. वेग ऐंशीवर गेला आणि कव्हरची पुढची कड सुटून खाली दुमडली. असा काही खरखराट सुरू झाला की पोरीने घाबरून स्टिअरिंगच ओढलं. बाजूचा ट्रक हॉर्न मारत हातभर अंतरावरून गेला. लेक रडली नाही, नुसती थरथरत बसली, ते आईला जास्त लागलं.

ऑइल बदलणारा कुणी परका असता तर तिने त्याला उभा-आडवा घेतला असता. पण तो होता तिचा सख्खा धाकटा दीर, गॅरेजचा मालक. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता. त्याचं दहावीचं गणित तिनेच घोटून घेतलं होतं. गाडीचं ऑइल सहा वर्षं तोच बदलायचा, एक पैसा न घेता, आणि फुकटाच्या कामावर तोंड उघडायची सोय नसते. तरी तिने चारदा सांगितलं होतं, अरे, खालून काहीतरी वाजतंय. चारही वेळा तो हसला. काही होत नाही वहिनी, सगळ्याच गाड्या वाजतात, म्हणे. पुढच्या वेळी दुसरीकडे टाकू, असं तिने नवऱ्याला सुचवलं, तर भावाला काय वाटेल म्हणून त्याने विषयच मिटवला. घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं, हे सासूबाईंनी चार लोकांत सुनावलं ते वेगळंच. सगळ्यांनी मिळून भावाचं मन जपलं. गाडीखाली वाकून बघायची तसदी मात्र एकानेही घेतली नाही, तिनेसुद्धा नाही, आणि याचाही तिला संताप आला.

डिकीतल्या दोरीने तिने कव्हर कसंबसं वर बांधलं, लेकीला घरी सोडलं आणि हळूहळू गाडी गॅरेजवर नेली. दीर लिफ्टवर चढवलेल्या एका पांढऱ्या गाडीखाली उभा राहून तसलंच कव्हर बसवत होता. ती तोंड उघडणार तोच तिची नजर वर गेली आणि सवयीने मोजणी सुरू झाली. स्क्रू दहाच्या दहा होते. काढलेले त्याने एका ताटलीत रांगेने मांडून ठेवले होते. प्रत्येक आधी बोटांनी फिरवायचा, नीट बसला की मगच पान्याने आवळायचा. शेवटी त्याने कव्हरवरचं ऑइल फडक्याने पुसून घेतलं. सिस्टर बघतच राहिली. दीर वेंधळा आहे अशी तिने इतकी वर्षं मनाची समजूत घातली होती, आणि वेंधळ्याला माणूस सांभाळून घेतो. पण याला तर सगळं येत होतं.

तिने त्याला दंडाला धरून आपल्या गाडीपाशी नेलं, खाली वाकवलं आणि एकेक भोक बोट ठेवून दाखवलं. ट्रकचंही सांगितलं. तिचा आवाज इतका चढला की बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. तो आधी म्हणाला, प्लास्टिकच ते, तकलादूच असतं. मग म्हणाला, गर्दीत राहून गेलं असेल. सहाही वर्षं गर्दीच होती का, असं तिने विचारल्यावर कुठे खरं बाहेर पडलं.

“गिऱ्हाईक ओरडतं, वहिनी,” तो म्हणाला. “तुमची काय, घरचीच गाडी. उरलेल्या वेळात उरकून टाकायचो.”

“जॉब कार्ड लिही, गिऱ्हाइकाच्या गाडीचं काम लिहून घेतोस तसं.”

“घरच्या गाडीला कसलं कार्ड?”

“म्हणूनच लिही.”

त्याने कार्ड घेतलं, पण पेन काही टेकवलं नाही. त्याचा चेहरा पडला होता. एवढं नातं तोडल्यासारखं बोलू नका, असं पुटपुटला. मग म्हणाला, “ती माझीही पुतणी आहे, वहिनी. तिच्या जिवावर बेतेल असं मी करीन का?”

सिस्टरचे डोळे भरून आले आणि त्यामुळे ती आणखीच चिडली. तिने ते मनगटाने पुसले.

“पुतणी आहे हे आज विसर,” ती म्हणाली. “कुणा परक्या पोरीची गाडी आहे असं समज आणि नीट कर.”

पांढरी गाडी खाली उतरवून त्याने बाहेर काढली आणि सिस्टरची लिफ्टवर घेतली.